लांब पल्ल्याच्या पळण्यात नाकाने श्वास : प्रकल्प नोंदी, बेळगाव–खानापूर–निपाणी

3 नोव्हेंबर. चौकट

भातकापणी सुरू झाली, पायवाटा वाळल्या. सराव आता रस्त्यावर आणि बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपो मैदानाच्या मातीवर.

गटात दोन तऱ्हेची माणसं आहेत. एक, 10 आणि 21 किलोमीटरची तयारी करणारे नोकरदार, व्यापारी, शिक्षक. दुसरी, सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं. दोघांसाठी नियम एकच: सोप्या दिवसाचं पळणं पूर्ण नाकाने, घ्यायचा श्वासही आणि सोडायचाही. कठीण दिवसाला ही अट नाही.

नाकाने जास्त ऑक्सिजन मिळतो म्हणून हे करायचं नाही. धडधाकट माणसाच्या रक्तात बसल्या जागी ऑक्सिजनची पातळी 97–98 टक्के असतेच, तिथे भर घालायला जागा नाही. उपयोग वेगळा आहे. हौशी धावपटूचा सोपा दिवस सोपा राहत नाही, शेजारचा पुढे गेला की पाय उचलले जातात. तोंड मिटलेलं असलं की वेगाला आपोआप लगाम बसतो.

हिशोब मांडून ठेवतो, पुढे लागेल. 60 किलोचा माणूस सपाटीवर ताशी 8 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं या वेगाने पळाला, तर मिनिटाला सुमारे 1.8 लिटर ऑक्सिजन लागतो. एक लिटर ऑक्सिजनसाठी ढोबळ 25 लिटर हवा धरली तर झाली 45 लिटर. 1980 साली टोरांटोत निनिमा आणि सहकाऱ्यांनी मोजलं की माणूस नाकावरून नाक-तोंड अशा दुहेरी श्वासावर मिनिटाला सरासरी 35 लिटर हवेच्या आसपास जातो. म्हणजे साडेसातच्या वेगालाच नवख्याचं तोंड उघडणार. त्यात त्याची काही चूक नाही. मात्र 35 हा आपसूक तोंड उघडण्याचा आकडा आहे, नाकाच्या क्षमतेचा नव्हे. सरावाला वाव आहे तो या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात.

नोंदवायचं एवढंच: किलोमीटरची वेळ, छातीच्या पट्ट्याने नाडी, मिनिटाला श्वास, आणि तोंड कुठे उघडलं ती जागा. मनगटी घड्याळाची नाडी धरायची नाही. ते पुष्कळदा पावलांचा ठेकाच नाडी म्हणून दाखवतं. सावकाश पळताना नाडी 165 वर खिळलेली दिसली आणि पावलंही तितकीच पडत असली, तर तो आकडा खोडायचा. छातीच्या पट्ट्याचे रबरी भाग पळण्याआधी पाण्याने ओले करावेत. कोरडा पट्टा पहिली पाच-दहा मिनिटं वाटेल ते आकडे देतो.

6 नोव्हेंबर. नाकाची तपासणी

पळायच्या आधी प्रत्येकाचं नाक बघायचं. साधन म्हणजे थंड स्टीलची ताटली. ती नाकाखाली आडवी धरून सावकाश श्वास सोडायचा, वाफेचे दोन ठिपके उठतात. एक मोठा, एक लहान दिसला म्हणून घाबरू नये. नाकपुड्यांची आतली सूज काही तासांच्या अंतराने आलटून पालटून कमी-जास्त होते, तो नाकाचा रोजचा क्रम आहे. दुपारी पुन्हा ताटली धरावी. बाजू बदलली तर नाक ठीक. दिवसभर एकाच बाजूचा ठिपका पुसट राहिला तर नाकातला पडदा वाकडा असणं, मांसाचा कोंब वाढणं किंवा जुनाट सूज यांचा संशय घ्यावा आणि कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवून मग यावं. सरावाने हाड सरळ होत नाही.

दुसरी चाचणी गालाची. नाकाशेजारचा गाल दोन बोटांनी अलगद बाहेर, कानाकडे ओढायचा आणि श्वास घ्यायचा. एकदम मोकळं वाटलं तर अडचण नाकपुडीच्या आतल्या अरुंद जागी आहे. सगळ्या श्वासमार्गात सर्वांत चिंचोळी जागा तीच. अशांना नाकावरची चिकटपट्टी कामाला येण्याची शक्यता जास्त. नावापुढे खूण करून ठेवली.

दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून यायचं आणि पंप खिशात ठेवायचा. 1978 मधल्या एका अभ्यासात दम्याच्या तरुण रुग्णांना नाकानेच श्वास घ्यायला लावून व्यायाम दिला, तेव्हा व्यायामानंतरचं श्वासनलिकांचं आकुंचन लक्षणीय घटलं. कोरडी, गार हवा थेट खाली उतरत नाही हे कारण. म्हणून पंप घरी ठेवून येण्याची मुभा मात्र कुणालाही नाही.

9 नोव्हेंबर. जलनेती

सर्दी नसतानाही नाक चोंदतं त्यांच्यासाठी. प्रमाण: उकळून कोमट केलेलं पाणी अर्धा लिटर, साधं आयोडीनविरहित मीठ साडेचार ग्रॅम. काटा नसेल तर सपाट भरलेला चहाचा चमचा एक, थोडा कमी. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. तेव्हा अंदाजाने चिमटी टाकू नये. पाणी उकळलेलंच हवं. विहिरीचं, बोअरचं किंवा थेट नळाचं पाणी नाकात चढवायचं नाही. क्वचित का होईना, त्यातून मेंदूपर्यंत जाणारा अमिबा शिरतो आणि त्यातून माणूस सहसा वाचत नाही.

पळायच्या तोंडावर नेती करू नये. सायनसमध्ये अडकलेलं पाणी तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला घशात उतरतं आणि ठसका लागतो. आदल्या रात्री, नाहीतर निदान तासभर आधी. नंतर कमरेत वाकून डोकं खाली, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके उच्छ्वास. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाच्या नळीत जातं आणि कान दुखतो.

नाक मोकळं करणारे औषधी थेंब सरावासाठी बंद. तीन-पाच दिवसांपलीकडे चालू ठेवले की थेंब थांबताच नाक आधीपेक्षा जास्त सुजतं आणि बाटली सुटत नाही. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आहे का तेही बघावं. स्पर्धेच्या दिवशी लघवीत ते मिलिलिटरला 150 मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं तर उत्तेजक चाचणीत दोषी ठरतात.

13 नोव्हेंबर. चालण्यापासून

व्हॅक्सिन डेपोत सकाळची फेरी. पहिली बारा मिनिटं फक्त झपझप चालणं, तोंड मिटलेलं. हा वेळ कापू नये. हालचाल सुरू झाली की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतलं अस्तर बारीक होतं आणि वाट रुंदावते. घरून निघताना चोंदलेलं नाक दहाव्या मिनिटाला सुटतं ते याच कारणाने. चालणं गाळून थेट पळायला लागणाऱ्याचं तोंड पहिल्याच वळणावर उघडतं आणि मग तो म्हणतो, माझं नाकच लहान.

पुढे 3 मिनिटं जॉग, 2 मिनिटं चाल, असे सहा फेरे. जिभेचं टोक वरच्या दातांमागे, जीभ टाळूला टेकलेली, ओठ मिटलेले पण दात सुटे. दात आवळले की मान आणि खांदेही आवळतात.

तोंडात पाण्याची गुळणी धरून पळण्याचा जुना प्रकार पोरांना माहीत असतो. तो फक्त चालताना चालेल. पळताना हसू किंवा खोकला आला की पाणी श्वासनलिकेत. तोंडाला चिकटपट्टी लावून पळणं तर साफ मनाई.

18 नोव्हेंबर

खळ्यांवर मळण्या. कडोली बाजूला हवेत भाताचा कोंडा. पाऊस सरल्यापासून कडेचं काँग्रेस गवतही फुलोऱ्यात, ज्यांना त्याचं वावडं आहे त्यांच्या शिंका थांबत नाहीत. अशांचा मार्ग बदलला, मोकळ्या माळाऐवजी कॅम्पातले झाडांचे रस्ते. घरी गेल्यावर आधी तोंड-नाक धुणं, मग चहा.

24 नोव्हेंबर. पावलं आणि श्वास

मिनिटाला 160 पावलं धरून:

चार पावलं आत, चार बाहेर: मिनिटाला 20 श्वास. चालत-जॉग करताना.
तीन आत, तीन बाहेर: 26–27 श्वास. सोप्या पळण्याची हीच जागा.
दोन आत, दोन बाहेर: 40 श्वास. इथे नाक पुरत नाही, वेग उतरवायचा.

सावकाश, खोल श्वासाचा फायदा आकड्यांत बघा. प्रत्येक श्वासातली सुमारे 150 मिलिलिटर हवा नळ्यांतच राहते, फुप्फुसाच्या कामाला येत नाही. मिनिटाला 40 लिटर हवा 20 श्वासांत घेतली तर 3 लिटर वाया, 40 श्वासांत घेतली तर 6 लिटर. म्हणजे तेवढीच हवा ओढून कामाची हवा 37 लिटर की 34, एवढा फरक. हा फायदा सावकाश श्वासाचा आहे, नाकाचा नाही. नाक वाट अरुंद करून श्वास सावकाश करायला भाग पाडतं, इतकंच.

मोजणं सतत करू नये. किलोमीटरच्या सुरुवातीला चार-पाच श्वास मोजून सोडून द्यावं. अखंड मोजणाऱ्याचं पाऊल आखडतं.

1 डिसेंबर. काय बिघडतं

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे हुंगल्यासारखा श्वास. फूं-फूं आवाज येतो, नाकपुड्यांच्या कडा आत खेचल्या जातात. हवा जितक्या जोराने ओढावी तितका आतला दाब घटतो आणि मऊ कडा मिटते. वाट आणखी चिंचोळी, म्हणून आणखी जोर, असं चक्र सुरू होतं. उपाय जोर कमी करण्याचा: सुरुवात हळू, श्वास बरगड्यांच्या खालच्या कडेला रुंदावतोय असं बघायचं, नाकपुड्या थोड्या फुगवायच्या. दोन्ही हात बरगड्यांवर ठेवून चालत शंभर पावलं केली की फरक कळतो. शेजाऱ्याला आपला श्वास ऐकू आला तर तो ओढून घेतलेला आहे, ही सोपी कसोटी.

दुसरं, हवा कमी पडल्याची तगमग. ही बहुतेक वेळा ऑक्सिजनची कमतरता नसते. श्वास नेहमीपेक्षा कमी झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो आणि मेंदू त्याच्यावरच ओरडतो. काही आठवड्यांत ही ओरड बोथट होते. पण पळून आल्यावर डोकं ठणकत असेल, गरगरत असेल, तर तो सहन करायचा सराव नव्हे. वेग जास्त होता. दुसऱ्या दिवशी किलोमीटरला अर्धा मिनिट सोडून द्यावा.

तिसरं, दोन मिनिटं नाकाने, मग तोंडाने चार मोठे घोट, पुन्हा नाकाने. वहीत याची नोंद 'नाकाने' अशी जाते आणि सगळा हिशोब फसतो. नियम असा: तोंड उघडलं की चालायचं. श्वास नाकावर आला, तीन आत तीन बाहेर बसला, की पुन्हा जॉग. सुरुवातीला हे फार चिडवतं. किलोमीटरला एक-दोन मिनिटं जातात, डेपोत फिरायला आलेले काका लोक पुढे निघून जातात. जाऊ द्यावेत.

8 डिसेंबर. नाकावरची पट्टी

गालाच्या चाचणीत खूण झालेल्यांनाच दिली. लावायची जागा हाडावर नाही. हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे, नाकपुडीच्या फुगवट्याच्या किंचित वर, दोन्ही टोकं नाकपुडीच्या बाजूंवर. आधी साबणाने तेल काढून कातडी कोरडी करायची, पट्टी बसवून अर्धा मिनिट दाबून धरायची. घाम सुटल्यावर लावलेली पट्टी दोन किलोमीटरही टिकत नाही.

ज्याला अडथळा आहे त्याला आराम वाटतो. एरवी पट्टीने वेग वाढतो असं बहुतेक चाचण्यांत दिसलेलं नाही. टीव्हीवरचा खेळाडू लावतो म्हणून पैसे घालवू नयेत.

15 डिसेंबर. थंडी

पहाटेचा पारा 15 अंशांच्या आसपास, उचगाव रस्त्यावर धुकं. नाकं वाहायला लागली. ही सर्दी नव्हे. गार, कोरडी हवा गरम आणि ओली करायचं काम नाकाच्या अस्तरावर पडतं आणि ते जादा पाणी सोडतं. सुती रुमाल मनगटाला गुंडाळावा. थांबून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकं शिंकरणं, पळताना एक बाजू दाबून फुंकणं नको, मागच्याचाही विचार करावा.

श्वास सोडतानाही तोंड मिटलेलं का, हा प्रश्न येतो. बाहेर जाणारी गरम, ओली हवा नाकाच्या गार अस्तरावर थोडी ऊब आणि ओल परत ठेवून जाते. 2006 च्या एका मोजमापात बसलेल्या माणसांनी नाकाऐवजी तोंडाने श्वास सोडला तेव्हा पाण्याची घट 42 टक्क्यांनी जास्त भरली. नाकाने घेऊन तोंडाने सोडत राहिलं की घसा आणि नाक दोन्ही कोरडी पडतात. पहिला पर्याय म्हणून ते नको. चढावर चालेल, पुढे नोंद आहे.

21 डिसेंबर. धूर आणि तंबाखू

गाळप जोरात, चिकोडी–संकेश्वर–निपाणी पट्ट्यात तोड झालेल्या फडांतलं पाचट पेटवतात. इथे एक गैरसमज तोडायला हवा: नाक गाळतं, म्हणून धुरात नाकाने पळालं की झालं. नाक धूळ, कोंडा, परागकण असले जाड कण अडवतं. दहा मायक्रॉनच्या वरचे बहुतेक तिथेच थांबतात. धुराचे कण मायक्रॉनच्याही आतले, ते नाक ओलांडून थेट खाली जातात. पाचट पेटलेलं दिसलं की त्या दिवशी मार्ग बदलणं किंवा सुट्टी. थंडीत सकाळी धूर जमिनीलगत साचून राहतो, ऊन चढल्यावर पांगतो. म्हणून निपाणीकडच्यांनी या दिवसांत पहाट सोडून नऊनंतर किंवा संध्याकाळी लवकर पळावं. तंबाखूच्या वखारींजवळचा रस्ता टाळावा. ती धूळ नाकात अडकते हे खरं, पण अडकून शिंका आणि सूज देते.

28 डिसेंबर. चढ

येळ्ळूरहून राजहंसगडाकडे. ताशी 8 किलोमीटरचा वेग कायम ठेवून 6 टक्के चढ चढलं तर शरीराला तो सपाटीवरच्या 10 किलोमीटरएवढा पडतो. नाकाला हा फरक लगेच कळतो. म्हणून चढाला किलोमीटरची वेळ बघायचीच नाही.

क्रम: पायथ्याला तीन-तीन. दम भरू लागला की तीन आत, दोन बाहेर. तेही पुरेना तर नाकाने घेऊन ओठांच्या फटीतून सोडणं. त्यानंतर चालणं. उतारावर पुन्हा तीन-तीन जुळेपर्यंत वेग वाढू द्यायचा नाही, कारण उतारावर पाय फुकट पळतात आणि श्वास मागे राहतो.

5 जानेवारी. भरतीच्या पोरांसाठी वेगळं पान

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच, त्यामुळे बेळगावात हा प्रश्न रोजचा: 1.6 किलोमीटरची शर्यत नाकाने पळावी का? नाही. साडेपाच मिनिटांच्या आत ती मारायची तर वेग ताशी साडेसतरा किलोमीटर. 60 किलोच्या पोराला मिनिटाला सुमारे 3.7 लिटर ऑक्सिजन आणि शंभर लिटरच्या वर हवा लागते. नाक एवढं देत नाही. 1995 च्या ऑस्ट्रेलियन चाचणीतही फक्त नाकाने पळवल्यावर कमाल ऑक्सिजन ग्रहण, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर शरीर मिनिटाला वापरू शकतं तो ऑक्सिजन, घटलं होतं. त्या साडेपाच मिनिटांत तोंड आणि नाक दोन्ही उघडी, दोन-दोन पावलांचा श्वास, पहिल्या शंभर मीटरपासून. तोंड मिटून सुरुवात करून चारशे मीटरला धापा टाकणारी पोरं उरलेलं अंतर ते कर्ज फेडण्यातच घालवतात.

त्यांच्यासाठी नाक कुठे? आठवड्यातले तीन सोपे दिवस, 30 ते 45 मिनिटं. वेगाच्या दिवशी 400 मीटरचे फेरे तोंड उघडं ठेवूनच. दोन फेऱ्यांमधल्या चालीत मात्र तोंड मिटायचं. श्वास नाकावर परत आला की उसंत पुरेशी झाली, असं धरून पुढचा फेरा सुरू करायचा. घड्याळ बघण्यापेक्षा हे बरं. थकलेल्या दिवशी ही उसंत आपोआप लांबते.

12 जानेवारी. नायट्रिक ऑक्साइड

नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडने पळण्याचा वेग वाढतो, अशा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुराबद्दल, कारण गटात रोज कुणीतरी टाकतं.

खरं काय: नाकाभोवतीच्या सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, हे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लुंडबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं. तो रक्तवाहिन्या सैल करतो. 2002 मध्ये त्यांनीच मोजलं की गुणगुणताना नाकातून त्याचं उत्सर्जन शांत उच्छ्वासाच्या सुमारे 15 पट होतं. भ्रामरी करणाऱ्यांना हे ऐकून आनंद होतो, होऊ द्या. पण पळताना हवेचा ओघ कित्येक पट वाढतो, त्यात हा वायू विरळ होतो, आणि त्याच्यामुळे किलोमीटरची वेळ सुधारते असं सिद्ध झालेलं नाही. पळण्याआधी पाच मिनिटं भ्रामरी करायला हरकत नाही. त्याने मन थाऱ्यावर येतं.

प्युएब्लोच्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातला 2018 चा अभ्यास जास्त कामाचा. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ नाकानेच पळणारे 10 हौशी धावपटू घेतले. त्यांचं कमाल ऑक्सिजन ग्रहण नाकाने आणि तोंडाने सारखंच भरलं, स्थिर वेगाला श्वास मात्र मिनिटाला 39 विरुद्ध 49. माणसं 10, तीही आधीच नाकाची सवय लावलेली, तुलनेला दुसरा गट नाही. सवयीने नाक पुष्कळ पुढे जाऊ शकतं एवढं यातून घ्यावं, आणि त्याला महिने लागतात हेही.

19 जानेवारी. मोजणीची पद्धत पक्की

दर चार आठवड्यांनी एकच चाचणी. डेपोतला ठरलेला सपाट फेरा, सकाळी त्याच वेळी, उपाशीपोटी नाही आणि भरल्या पोटीही नाही. 12 मिनिटं चाल, मग 30 मिनिटं नाकाने, जमेल तेवढ्या वेगाने पण तोंड न उघडता. अंतर, सरासरी नाडी, शेवटच्या मिनिटातले श्वास लिहायचे. अंतर वाढलं आणि नाडी तीच राहिली तर प्रगती. अंतर वाढलं पण नाडीही चढली तर तो फक्त जोर. सर्दी असेल त्या आठवड्यात चाचणी नाही, पळणं असेल तर तोंडाने आणि हळू. ताप किंवा छातीत कफ असेल तर तेही नाही.

पहिल्या 10 मिनिटांत आणि शेवटच्या 10 मिनिटांत नाडीचा फरक किती पडला तेही वेगळं लिहावं. वेग तोच असून नाडी चढत गेली तर सोपा दिवस सोपा नव्हता, मग तोंड मिटलेलं असलं तरी. मुरलेल्या लोकांत हे हमखास दिसतं: नाक आता इतकं देतं की तोंड न उघडताच ते मध्यम जोराला पोचतात. त्यांच्यासाठी लगाम नाकाचा राहिलेला नाही. त्यांना बोलण्याची कसोटी लावायची. पळता पळता घरचा पत्ता, पिन कोडसकट, एका दमात सांगता आला पाहिजे.

27 जानेवारी

काजू-आंब्याला मोहोर, खानापूर आणि जांबोटी बाजूच्यांच्या शिंकांची तक्रार पुन्हा सुरू. त्यांची या महिन्याची चाचणी पुढे ढकलली. ताटलीची तपासणी सगळ्यांची नव्याने करायची आहे. नोव्हेंबरात एका बाजूला पुसट ठिपका असलेल्यांपैकी जे डॉक्टरांकडे गेले नाहीत, त्यांना पुढच्या टप्प्यात फक्त चाल. 21 किलोमीटरवाल्यांचं लांब पळणं रविवारी राकसकोप रस्त्याने. पहिले दोन तृतीयांश नाकाने, उरलेलं स्पर्धेच्या वेगाने आणि उघड्या तोंडाने. पाणी दर 20 मिनिटांनी, पिताना चालत. घोट घेण्याआधी श्वास पूर्ण सोडायचा, गिळून झाल्यावर नाकाने घ्यायचा, म्हणजे ठसका लागत नाही.